वेंगुर्ल्याची बरणी आणि मोहाचा माठ

१९६१ सालच्या चैत्रातली एक सकाळ. माझी थोरली जाऊ गोदावरीबाई आणि मी अंगणात जुन्या लुगड्याची धडपी अंथरून त्यांवर मोहाची फुले पसरत होतो. फुले पहाटे वेचलेली, ओली, बोटांना चिकटणारी. ती एका टोकाकडून येत होती, मी दुसऱ्या. मधोमध आमचे हात भेटले तेव्हा ती म्हणाली, "पातळ पसर वो, नर्सबाई. ढीग केला का आतून सडते." मी पातळ पसरली. मग ऊन चढेपर्यंत दोघींनी मिळून सगळे अंगण भरून टाकले. पंधरा दिवसांनी आमचे बिनसले ते पुढची तेवीस वर्षे. या कागदात घर आहे, पोस्टातली बचत आहे, भांडी आहेत. पण मी लिहायला बसले ती एका बरणीसाठी, हे आधीच सांगते. तिच्यात जे आहे ते जिवंत आहे, आणि माझ्यामागे त्याला कोण सांभाळील याचा निकाल मला या कागदावर लावायचा आहे.

तर मी, सेराफिना यादोराव कापगते, माहेरची फर्नांडिस, वय अठ्ठावन्न, धर्म ख्रिस्ती, सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, राहणार लाखनी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ताळ्यावर आहे. नाडी मिनिटाला शहात्तर आहे, आत्ताच मोजली. मला कोणी भरीस घातलेले नाही. मागच्या महिन्यात नागपूरला काढलेला माझ्या छातीचा फोटो मी स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. डॉक्टर जे सांगायचे टाळत होते ते त्यात दिसत होते. दुसऱ्यांचे असे फोटो आयुष्यभर हाताळले; स्वतःचा वाचायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी मोह गळेल तेव्हा मी बघायला नसेन.

नर्सची नोकरी मला लाखनीला घेऊन आली; माझे यजमान यादोराव त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचे लग्न १९५८ साली नोंदणी पद्धतीने झाले. ते १९८२ साली वारले. आम्हांला एकच मुलगी, लीला. ती नागपूरला बँकेत नोकरी करते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. लाखनीतले माझ्या नावावरचे दोन खोल्यांचे घर, मागचे परसू आणि विहिरीवरचा अर्धा हक्क लीलाला द्यावा. माझ्या आणि गोदावरीबाईंच्या घरामधल्या भिंतीत हात-दीड हात रुंदीचे भगदाड आहे. ते भिंत खचून पडलेले नाही. १९८४ साली मी गवंडी लावून पाडून घेतले आहे. लीलाने घर ठेवले किंवा विकले तरी ते बुजवू नये. अशी अट कायद्यात बसत नाही असे वकील म्हणाले. मग ही अट नसून विनंती आहे.

कलम दोन. पोस्टातली बचत लीलाला. माझे दफन भंडाऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत करावे. यादोरावांची राख वैनगंगेत गेली. त्यांना माझ्याकडे यायला नदीवरून फार लांब पडणार नाही.

कलम तीन. स्वयंपाकघर. इथे मला थोडे मागे जावे लागेल, नाहीतर कोणाला काय आणि का देते आहे ते कळणार नाही.

मी बंदरावरची मुलगी. वेंगुर्ल्याला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब, निळ्यात, उभी राहायची आणि पडाव जाऊन माणसे, पेट्या, कोंबड्या, टपालाच्या थैल्या उतरवून आणायचे. आम्ही पोरी नन्सच्या शाळेतून सुटलो की वाळूवर बसून ती उतरती दुनिया पाहायचो. माझे वडील त्याच आगबोटींवर खानसामा होते. महिन्यातून दोनदा ते पडावातून उतरायचे, आणि त्यांच्या खिशांना कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांचे वास असायचे.

आमच्या चुलीवर चार घरांचा हात होता. समोरच्या सारस्वतांच्या काकी तिरफळ घालून बांगड्याची उडदमेथी करायच्या, ती आमच्याकडे त्यांच्यासारखीच व्हायची. शेजारच्या दालदी मुसलमानांच्या खातूनबींनी आईला नारळाच्या दुधात भात शिजवायला शिकवला, दालचिनीचा एकच तुकडा घालून. वडिलांची आई गोव्याची. तिने माडाच्या सुरीवर, म्हणजे ताडीसारख्या आंबलेल्या रसावर, पीठ फुगवून इडलीसारख्या सान्ना करायची रीत आणली आणि सुरीचा सिरकाही आणला. बारीक सुकी कोळंबी, लाल मिरची, लसूण आणि तो सिरका एकत्र वाटून केलेले बालचांव बरणीत वर्षभर टिकायचे. वडील म्हणायचे की हा पदार्थ चीनच्या बाजूच्या कुठल्याशा बंदरातून कोणा भटाऱ्याने आणला, नाताळची गुळखोबऱ्याची मिठाई दोदोल मलाक्केच्या बाजूने आली, आणि मी मिरची तिखट लागली म्हणून रडले की हसून म्हणायचे, "बाये, ही मिरचीसुद्धा बोटीतसूनच इली." खरेखोटे मला माहीत नाही. पण त्यामुळे लहानपणी मला वाटायचे की जगात जे काही चवीचे आहे ते सगळे एकदा आमच्या समोरच्या पाण्यावर डुलत उभे होते, आणि आम्ही ते पडाव पाठवून उतरवून घेतले.

सुरीचा सिरका मातीच्या भांड्यात मुरला की वर जाड साय धरतो. ती साय म्हणजेच त्याचा जीव. ती दुसऱ्या भांड्यात घातली, तिला प्यायला गोड किंवा मादक काही दिले की ती त्याचाही सिरका करते. माझी आई तिला म्हातारी म्हणायची. आमच्या घरातली म्हातारी आजीने गोव्याहून आणलेली, तिला तिच्या आईने दिलेली.

लग्नानंतरच्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी, मी माहेरी जाऊन आले तेव्हा आईने एका चिनी मातीच्या बरणीत म्हातारीचा तुकडा आणि सिरका घालून दिला. बूच लावायचे नाही, फडके बांधायचे, तिला श्वास लागतो. वेंगुर्ल्याहून मुंबई आगबोटीने, मुंबईहून भंडारा रोड स्टेशनपर्यंत रेल्वेने, तिथून लाखनी मोटारीने. बरणी सगळा वेळ माझ्या मांडीवर, पदराखाली होती. डब्यातल्या एका बाईने विचारले, "बाळंतीण आहात का?" मी हो म्हटले. तेवढ्याने खिडकीची जागा मिळाली.

लाखनीला समुद्र नाही, माड नाहीत, बांगडा नाही. पण तांदूळ आहे, आणि तो असा की शिजताना घराचे डोळे मिटतात. तळ्यांत झिंगे आहेत, आमच्या कोळंबीची गोड्या पाण्यातली धाकटी बहीण. शिंदीचा रस आहे. सान्ना त्यावर फुगतात, जरा कमी, पण फुगतात. मी इथल्या जिनसा घेऊन तिथले पदार्थ करू लागले. दुपारी चूल पेटली की वाफेत मला भरतीचा आवाज यायचा. महामार्गावरून लाखनीतून जाणारे ट्रक होते ते. पण मी डोळे उघडायची घाई करत नसे.

कलम चार. आता ते भांडण.

१९६१ साली सगळे कुटुंब एकाच चुलीवर होते. थोरले दीर जागेश्वर, गोदावरीबाई, त्यांचा मुलगा टेकचंद, आम्ही दोघे आणि वर्षाची लीला. माझी बरणी चुलीच्या कोपऱ्यात असे. वर सांगितलेल्या सकाळनंतर पंधरा दिवसांनी मी संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले, तर बरणी राखेने लख्ख घासून धुण्याच्या दगडावर पालथी घातलेली.

मी विचारले, "जाऊबाई, यातलं काय केलं?"

"बैलाच्या माठात वतलं."

बैलांना घालायची मोहफुले भिजवून ठेवतात तो माठ. मी बरणी उचलून हुंगली; राखेचाच वास. तिने इकडेतिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता बोलू नको. कोनापाशीच बोलू नको."

मला वाटले, ही धमकी आहे. मला वाटले, माझ्या हातचे, माझ्या धर्माचे, माझ्या माहेरचे जे काही होते ते हिने जनावरांपुढे टाकले. तसेही ती मी केलेले काही खात नव्हती. झिंग्यांचे ताट पुढे केले की "पोट भरलं" म्हणून उठायची. आता मला त्याचा अर्थ लागला असे वाटले. मी त्याच रात्री यादोरावांना सांगितले की एका चुलीवर यापुढे नाही. दिवाळीच्या आत वाटणी झाली आणि मधली भिंत उभी राहिली. नंतर ती माझ्याकडचे पाणी पीत नाही म्हणून मीही तिच्याकडचे पिणे सोडले.

शाळेत आमच्या एक वयस्क सिस्टर होत्या. आमच्या निबंधाच्या वह्या तपासताना त्या सांगत, "जे पाहिलंस ते एका ओळीत लिही, जे वाटलं ते दुसऱ्या ओळीत. दोन्ही एका ओळीत कधी लिहू नकोस." पुढे दवाखान्यात रुग्णांचे कागद मी आयुष्यभर तसेच लिहिले. स्वतःच्या घरात मात्र एकदाही नाही.

कलम पाच. शकुनबाई दवाखान्यात आया होत्या. मी लाखनीला आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी त्यांचे घर बौद्ध झाले. त्या वेळी अर्ध्या गावाने त्यांच्याशी बोलणे कमी केले होते आणि माझ्याशी ते मुळात वाढवलेच नव्हते, त्यामुळे आमच्या दोघींचे चांगले जमले. बरणी गेल्यावर दीड महिन्याने त्या गोवऱ्या आणायला आमच्या गोठ्यामागे गेल्या आणि धावत परत आल्या.

"सिस्टर, चला लवकर. तुमच्या वेंगुर्ल्याचा वास गोठ्यात येऊन राहिला."

गोठ्यामागे पोत्याने झाकलेला तो माठ होता. बैलांना तो दिलाच गेला नव्हता. पोते उचलले. आत मोहाचे पाणी मधाच्या रंगाचे झाले होते आणि त्यावर बोटभर जाड, गुळगुळीत, नवी साय तरंगत होती. म्हातारी मोह पिऊन जगली होती. माझ्या आईचा सिरका पांढुरका असे. हा तांबूस होता, आणि आंबटाच्या मागून रानाचा गोड वास यायचा. भर दुपारी, कोणी नसताना, शकुनबाईंनी पहारा केला आणि मी माझी म्हातारी चोरून परत नेली. आईला कळवले तेव्हा तिने कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठवल्या: "म्हातारी जिती आसा मगे? मग रडतस कित्याक?"

तेव्हापासून दर चैत्रात तिला मोह घालतो. चोवीस वर्षे शकुनबाईंनी माझ्याबरोबर झिंगे निवडले, सुकवले, वाटले. त्यांना माझा पाटा-वरवंटा आणि नारळ खवायची आडाळी द्यावी. आडाळीला लोखंडी दात आहेत आणि तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसायचे असते. त्यांची नात तिच्यावर बसून आधीच मुंबईला जाऊन आली आहे. बालचांव कसे करायचे ते लिहून देत नाही. शकुनबाईंचे माझ्यापेक्षा चांगले होते, हे मात्र इथे लिहून देते.

कलम सहा. किराणा दुकानदार बाबूलाल यांनी १९६८ सालच्या नाताळात दोदोलसाठी मला खवट खोबरे दिले आणि ते खवट असल्याचे आजवर कबूल केले नाही. मी त्यांना माफ करते. या कागदावर ते साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. पण माफी ही देणगी धरत नाहीत, असे वकील हसत म्हणाले. बाबूलाल आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचत आहेत आणि म्हणत आहेत, "बहनजी, खोबरा एकदम ताजा था, तुमचा हवामान खराब होता." ही त्यांची हरकत नोंदवली आहे. माफी कायम आहे.

कलम सात. १९८४ च्या चैत्रात गोदावरीबाईंना हिवताप झाला. दीर तोवर वारले होते; टेकचंद आणि त्याची बायको शेतावर असत. दुपारचे इंजेक्शन द्यायला मीच जात होते. नर्स म्हणून जात होते, जाऊ म्हणून नाही, असे मी स्वतःला सांगितले होते. ताप उतरला पण तोंडाची चव गेली. दोन दिवस काही पोटात नव्हते. मी सिरिंज उकळून भरत होते तेव्हा ती छपराकडे पाहत म्हणाली,

"आता तरी सोडली का नाई वो, नर्सबाई?"

"काय सोडली?"

"थेच. बरनीतली."

"बरणीत सिरका असतो, जाऊबाई. मासे टिकवायचा. लोणच्याच्या खारासारखा."

"मले नको शिकवू. थो आंबूस वास मले लहानपनापासून ठावूक हाय. माहा बाप त्याच वासात मेला."

मी सिरिंज खाली ठेवली. मग तिने सांगितले, थांबत थांबत, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगावी तसे.

"त्या दिवशी दारूबंदीचा जमादार आला होता. आंगनात उभा राहून काठीनं माठ ढवळून राहिला. अन् तुही बरनी चुलीपाशी, तोंडाले फडकं. म्या म्हटलं, मेली आता ही. सरकारी नोकरीवाली, उद्या हातकडी घालून नेतीन, लेकरू वर्साचं. मंग घेतली पदराखाली अन् थो वळला तशी देल्ली माठात वतून. म्हटलं, बैलाचं खाद्य हाय साहेब, पाह्यलं ना तुमी. बरनी राखेनं घासली. वास जावाले पाहिजे ना."

जमादार त्या दिवशी गावात येऊन गेला हे मला दवाखान्यात तेव्हाच कळले होते. तो दर चैत्रात यायचा. मी त्याचा आणि बरणीचा संबंध कधी जोडलाच नाही.

"आणि माठ गोठ्यामागे?"

"बैल झिंगले असते ना वो."

"मला का नाही सांगितलं?"

"कायले सांगू? तू लाजली असती. तुह्या जेठाले, आमच्या मालकाले, समजलं असतं तर तुले घराबाहेर काढलं असतं. म्हून म्हटलं, कोनापाशीच बोलू नको."

"तेवीस वर्षं तुम्ही मला दारुडी समजत होतात?"

"दारुडी नाई," ती जरा रागावूनच म्हणाली. "पिनारी. पन मनाची चांगली."

मला हसू आले ते थांबेना. इंजेक्शन पुन्हा भरावे लागले. हसता हसता मी विचारले, मग माझ्या हातचे का खात नव्हतात? तेव्हा कळले की तिचे वडील मोहाच्या दारूने गेले, आणि दारूचा थेंब पडलेले काहीही तोंडात घालणार नाही असा शब्द तिने लहानपणी आपल्या आईला दिला होता. माझ्या जेवणात तो वास यायचा. माझ्या देवाशी तिचे काहीच भांडण नव्हते. ते सगळे मी दुसऱ्या, वाटल्याच्या ओळीत लिहायला हवे होते.

तिचा शब्द मला मोडायचा नव्हता, म्हणून खरे तेच सांगितले. "जाऊबाई, सिरका हा एके काळी दारूच असतो. मग तो आंबतो, आणि त्यातली दारू मरते."

तिने बराच विचार केला. "पक्की मरते?"

"पक्की. नर्स म्हणून सांगते."

"मंग आन."

मी तांदळाची पातळ पेज केली आणि वाटीच्या कडेला चिमूटभर झिंग्यांचे बालचांव ठेवले. तिने बोट लावून चाटले. डोळ्यांत पाणी आले, तिखटाने असेल. दुसऱ्यांदा चाटले. मग वाटी सरळ तोंडाला लावली. खाली ठेवल्यावर म्हणाली,

"धाकले, हे तू इतकी वर्सं एकटीच खाऊन राहिली होतीस?"

पंचवीस वर्षांत तिने मला नर्सबाई सोडून दुसरे काही म्हटलेले ते पहिल्यांदा. आठवड्याभरात मी गवंडी बोलावला. त्या भगदाडातून तिकडून वांग्याची भाजी येते, इकडून आंबट जाते. गेले तीन चैत्र मोह ती वेचते आणि म्हातारीला मी घालते.

कलम आठ. माझ्याकडची पितळी भांडी भंडाऱ्याची आहेत, यादोरावांनी हौसेने घेतलेली. ती लीलाला. त्यांत सिरका कधी ठेवू नये. हिरवे कळकते आणि ते विष असते.

लीला, हे तुला कळावे म्हणून लिहिते. दिवाळीत तू म्हणालीस, "आई, ती बरणी मला देऊ नकोस. फ्लॅटमध्ये तो वास मावणार नाही, आणि ती साय बघून मला कसंतरीच होतं." मला वाईट वाटले, ते तुला दिसले, आणि तू मग उगाच दोनदा पेज मागून घेतलीस. त्याची गरज नव्हती. शाळेत तुझ्या डब्याला पोरी नाक धरायच्या हे मी विसरलेले नाही. तुझ्यावर बरणी लादत नाही. वडिलांचे जुने आगबोटीचे तिकीट माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, ते तुला. त्याला अजून तिरफळाचा वास येतो असे मला वाटते. पाहिलेले नाही, वाटते.

कलम नऊ आणि शेवटचे. बरणी.

आज सकाळी गोदावरीबाई नवे लुगडे नेसून, अंगठा धुऊन आल्या. साक्षीदार म्हणून अंगठा लावायला. मला सांगावे लागले की त्यांना लावता येणार नाही.

"काहून? माहा आंगठा वाईट हाय का?"

"ज्याला काही द्यायचं असतं त्याला साक्षीदार होता येत नाही, जाऊबाई."

"मले काय देऊन राहिली तू?"

"आंबट."

त्यांनी धुतलेला अंगठा पदराला पुसला. मग म्हणाल्या, "म्या तुह्यापेक्षा मोठी हाव. आधी म्या जाईन." मी पेनाचे टोपण लावले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. अंगणात मोहाची फुले पसरलेली होती. एका कोपऱ्यात ढीग झाला होता; त्या उठून तिकडे गेल्या आणि तो पातळ करू लागल्या.

बरणी, तिच्यातला सिरका आणि म्हातारी गोदावरीबाई जागेश्वर कापगते यांना द्यावी. दर चैत्रात वाळवलेला मोह उकळून, गाळून, गार करून तिला घालावा. फडके मलमलचे बांधावे. मधेमधे उघडून पाहू नये. शकुनबाई मागतील तेव्हा त्यांना तिचा तुकडा द्यावा. दिल्याने ती कमी होत नाही. गोदावरीबाईंच्या मागे ती कोणाकडे जावी हे त्यांनी ठरवावे. त्या बहुधा सुनेला, टेकचंदच्या बायकोला, देतील. तिला तिखट सोसते.

लीलाला कधी काळी, किती का वर्षांनी, हवीशी वाटली तर तिने भगदाडातून हाक मारावी आणि तिला तुकडा द्यावा. कारण विचारू नये.

आणि कोणालाच नको झाली तर तिला उकिरड्यावर किंवा मोरीत ओतू नये. गावात कोणाचे तरी बैल असतील, आणि चैत्रात त्यांच्यासाठी मोह भिजवलेला असेल. त्या माठात ओतावी, वर पोते टाकावे, माठ गोठ्यामागे ठेवावा आणि दीड महिना तिकडे फिरकू नये. तिथून ती परत येते. हे वाटलेले नाही. पाहिलेले आहे.

इथवर मी स्वतः लिहिले, दोघा साक्षीदारांच्या देखत पुन्हा वाचले आणि त्यांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्या समोर केली.

सही: सेराफिना यादोराव कापगते

साक्षीदार:
१. ईश्वर परसराम लांजेवार, शिक्षक, लाखनी
२. बाबूलाल रामदीन गुप्ता, किराणा दुकानदार, लाखनी

मुक्काम लाखनी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा
शनिवार, १९ एप्रिल १९८६